कचेरीच्या भिंतीतली बाई

धामणवडीत इतिहास शिकवणं हे अगदी बिनकष्टाचं काम होतं. गावात एकच अण्णा रणनवरे होऊन गेले. बेचाळीसच्या ऑक्टोबरात जुन्या कचेरीवर मोर्चा गेला, अण्णा गच्चीच्या कठड्यावर चढले, तिरंगा बांधला, शिपायांची गोळी त्यांच्या कानाजवळून गेली आणि अण्णा उतरले ते थेट तुरुंगात गेले. सुटून आल्यावर त्यांनी त्याच कचेरीत शाळा काढली. दरवर्षी मुलं हेच पाठ करायची, हेच निबंधात लिहायची आणि हेच नाटकात करायची. संस्थेचे अध्यक्ष अण्णांचेच नातू, उदयबापू. तेव्हा या गोष्टीत कुणी काना-मात्रा बदलेल असा प्रश्नच नव्हता.

मग सरकारनं ‘दुसरी बाजू’ नावाचा विषय आणला. आठवड्याला दोन तास. देशाचा इतिहास मुलांना नुसता राजे आणि पुढारी यांच्या तोंडून सांगू नका, ज्यांना कधी कुणी विचारलं नाही त्यांच्याही तोंडून सांगा, असा आदेश निघाला. आदेश चांगलाच होता. पण चांगल्या आदेशाचं शाळेत काय होतं, हे शाळेत नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. बहुतेक ठिकाणी त्या तासाला गणिताचा राहिलेला भाग उरकून घ्यायचे.

धामणवडीच्या मृदुला थिटे मॅडमनी मात्र तो तास खरोखरच घ्यायला सुरुवात केली. चाळिशी उलटलेली बाई, आवाज बारीक, पण हट्ट म्हणाल तर कुणाच्या बापाला ऐकायची नाही. कुठलाही धडा संपला की फळ्यावर एकच प्रश्न लिहायच्या : या गोष्टीत हजर कोण होतं आणि त्याला विचारलं नाही कोणी? मुलं जांभया द्यायची. एक ईश्वरी विटकर सोडून. चुनाभट्टीच्या वस्तीतली पोरगी. शेवटच्या बाकावर एकटी बसायची, कारण शेजारी बसायला कुणी तयार नसायचं. एकदा तीच उठून म्हणाली, “मॅडम, मोर्चा आला तेव्हा कचेरीला गिलावा चालला होता. माझी खापरपणजी होती कामाला. परांचीवरून पडून मेली.”

“पिऊन पडली होती,” पुढून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मॅडमनी दटावलं, पण दटावून काय होतंय? गावात चार पिढ्या हेच म्हणत आले होते. ईश्वरी खाली बसली आणि तास संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

आता त्या वर्षी देशात भिंती बोलायला लागल्या होत्या. म्हणजे झालं होतं असं. चुनखडी भाजायची, पाण्यात विरवायची, तो चुना भिंतीला लावायचा. लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि सावकाश पुन्हा दगड होतो. या दगड होण्याला दिवस लागतात, आणि तेवढ्या वेळात त्यात बारीक बारीक स्फटिक वाढत असतात. जवळ कुणी बोललं की ओली भिंत किंचित थरथरते आणि त्या क्षणी जमणारा स्फटिक तेवढाच किंचित वाकडा जमतो. डोळ्याला यातलं काही दिसत नाही. पण एका प्रयोगशाळेनं क्ष-किरणांचं असं यंत्र केलं की ते हा वाकडेपणा थरामागून थर मोजायचं आणि त्याचा परत आवाज करायचं.

त्याला दोन अटी होत्या. गिलावा दगडानं घोटून गुळगुळीत केलेला हवा, कारण घोटणाऱ्याच्या हाताजवळचा आवाजच नीट उमटतो. आणि भिंत एकदाच वाचता येते. वाचलेला थर तापतो, सुटतो आणि भुगा होऊन खाली पडतो.

यातली गंमत आधी शास्त्रज्ञांच्याही ध्यानात आली नव्हती. राजे, सरदार, साहेब, पुढारी वास्तूत येतात ते भिंत वाळल्यावर. ओल्या भिंतीपाशी असतात ती कामाची माणसं. त्यामुळे देशभरच्या देवळांतून, महालांतून, किल्ल्यांतून जे आवाज निघाले त्यात ना लढाया होत्या ना राज्याभिषेक. तंबाखू मागणं होतं, मुकादमाच्या नावानं बोटं मोडणं होतं, कंबर मोडली म्हणून रडगाणं होतं आणि गाणीही होती. मोठमोठ्या इतिहासकारांचं तोंड पडलं. थिटे मॅडमना मात्र आभाळ ठेंगणं झालं.

त्या उदयबापूंकडे गेल्या. बापूंनी एका पायावर परवानगी दिली. का देणार नाहीत? कठड्यातून अण्णांचा आवाज निघेल अशी त्यांना खात्री होती. बेचाळीस सालाला शंभर वर्षं व्हायला आली होती आणि शताब्दीला खुद्द अण्णांचा आवाज लावायचा, यापेक्षा आणखी काय हवं?

यंत्र घेऊन हुमेरा नावाची तंत्रज्ञ आली. आठवीच्या मुलांनी गच्चीवरच्या कठड्याचे रंगाचे थर हलक्या हातानं खरवडले. आत शंभर वर्षांपूर्वीचा घोटलेला चुना निघाला, अजून हाताला गार लागणारा. यंत्र फिरलं, पांढरा भुगा खाली पडला आणि संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत हुमेरानं आवाज लावला. ऐकायला दोघीच होत्या.

आधी नुसतं घासल्याचा आवाज, दगड चुन्यावर फिरतोय. मग खालून एक पुरुष ओरडला, “ए बाई, ठके, वरच हाईस तर एवढं टोकाला बांध की.”

“माझं घोटायचं ऱ्हायलंय. चुना वाळंल.” हा आवाज अगदी कानाशी. तरुण, खरखरीत, वैतागलेला.

“दोन गाठी मार फकस्त. शिपाई यायच्या आत.”

“मग तुमी या की वर. तुमास्नी हात न्हाईत व्हय? मी न्हाई बांधायची. माझं लेकरू निजलंय खाली. मला काय करायचंय तुमच्या फडक्याशी?” आणि मग एक शिवी. साधीसुधी नव्हे. ती शिवी इथंही छापता यायची नाही.

खालून चारपाच जणांचा गलका. विनवण्या. शेवटी बाई म्हणाली, “आण हिकडं. सोडनार न्हाईसा तुमी मला.” कापडाची फडफड. “लेकरू उन्हात आलं का बगा रं कुणीतरी. सावलीला घ्या त्याला.” मग गोळीचा आवाज, घोटायचा दगड कठड्यावर आपटल्याचा आवाज, खाली पळणारे पाय, आणि ते पाय लांब गेल्यावर बराच वेळ एक तान्हं मूल रडत होतं.

मृदुलाबाईंना उठून दाराला कडी लावावीशी वाटली. हुमेरा म्हणाली, “मॅडम, ही पडलेली नाहीये. हिला मारलंय.”

“हो,” त्या म्हणाल्या. “आणि झेंडा हिनं बांधलाय. नको म्हणत असताना.”

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे येणार होते. उदयबापू, शिक्षणाधिकारी, पालक. आणि इथं थिटे मॅडमनी जे केलं ते एखाद्या शाळेतल्या बाईलाच सुचावं. त्यांनी हुमेराला सांगितलं, “ती शिवी काढ. मुलं आहेत समोर. साहेब आहेत.” शिवी एकटी निघेना, बोलणं सलग होतं. तेव्हा ‘मग तुमी या की वर’पासून शिवीपर्यंत सगळं काढलं. तिथं नुसती शांतता राहिली.

“मॅडम, तुकडा काढला तर काढल्याचं सांगा तरी,” हुमेरा म्हणाली.

“सांगते ना.”

पण त्या गडबडीत राहून गेलं. हार-तुरे, माईक, साहेबांचा चहा. हुमेरानं मूळ आवाज मॅडमच्या फोनवर टाकला, नियमाप्रमाणे यंत्रातला पुसला आणि यंत्र घेऊन पुढच्या गावाला निघून गेली.

वर्गात आवाज लागला. मूल रडायला लागलं तशी ईश्वरी रडायला लागली. दारात तिची आई पूनम उभी होती. शाळेची रिक्षा चालवायची ती. तिनं आत येऊन लेकीला जवळ घेतलं नाही, चौकटीला धरून तशीच उभी राहिली. सगळ्यांच्या नजरा उदयबापूंकडे. आता हा माणूस बाईंना शाळेतून काढणार, हे लहान पोरांनाही कळत होतं.

बापू उठले. घसा खाकरला. “बघा,” ते म्हणाले, “त्या काळात एका कष्टकरी भगिनीच्या हाती तिरंगा देणारा माणूस म्हणजे आमचे अण्णा.” आणि पुढं जाऊन त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून ईश्वरीच्या गळ्यात घातला.

टाळ्या. काय बोलणार यावर? मृदुलाबाईंनीही वाजवल्या. नोकरी वाचली म्हणून नव्हे हो. ठकूबाई एकदाची वर आली, आता बाकीचं हळूहळू सांगू, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवसापासून ईश्वरी पहिल्या बाकावर बसायला लागली. शेजारी बसायला मुली भांडायच्या. चुनाभट्टीच्या रस्त्याला ठकूबाईंचं नाव लागलं. गावात पिऊन पडल्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

जूनमध्ये ‘दुसरी बाजू’ची नवी पुस्तिका आली. राज्यभर. तिसऱ्या धड्याचं नाव ‘वीरांगना ठकूबाई’. सोबत आवाज. मृदुलाबाईंनी शिक्षकांच्या खोलीत तो लावला. दगड घासतोय. ठके, एवढं बांध. चुना वाळंल. दोन गाठी मार. आणि मग, जिथं त्यांनी शांतता ठेवली होती तिथं, त्याच खरखरीत तरुण आवाजात ठकूबाई म्हणाली, “मी बांधते. देशापुढं काम कसलं? भारतमाता की जय.”

त्या तशाच उठून उदयबापूंच्या कार्यालयात गेल्या.

“बापू, हे तिचं वाक्य नाही.”

“आवाज तर तिचाच आहे.”

“आवाज यंत्रानं केलाय.”

बापू रागावले नाहीत. उलट समजावायला लागले. संस्थेनं रेकॉर्डिंग वर पाठवलं, तिथं मध्ये कोरी जागा सापडली. जुन्या आवाजांत अशा जागा असतातच, भिंत खराब झालेली असते. मग त्या भरायला एक प्रणाली आहे. तिला हजारो जुने आवाज आणि सगळी पाठ्यपुस्तकं शिकवलेली आहेत. बेचाळीस साली हातात तिरंगा आलेलं माणूस बहुधा काय बोललं असेल, ते ती काढते आणि त्याच माणसाच्या आवाजात म्हणते.

“बहुधा,” मृदुलाबाई म्हणाल्या.

“आणि जागा कोरी ठेवली कुणी, थिटेबाई?” बापूंनी हसून विचारलं. “माझ्या आजोबांनी की माझ्या आईनं?”

बापूंनी चहा मागवला आणि जाता जाता सांगितलं की जिल्ह्यातल्या सगळ्या शिक्षकांना ‘दुसरी बाजू’ शिकवायला त्यांचंच नाव गेलंय. बाईंनी चहा घेतला. घरी येऊन त्या उलटी होईस्तोवर रडल्या, आणि सकाळी उठून वर्गावर गेल्या. जुलैभर तिसरा धडा आलाच नाही असं त्यांनी केलं. चौथा घेतला, पाचवा घेतला. मुलांच्या नजरेला नजर देताना त्यांची त्यांनाच लाज वाटायची.

ऑगस्टमध्ये नव्या आठवीनं स्वतःच विचारलं, “मॅडम, ठकूबाईंचा धडा कधी?” तेव्हा मात्र त्यांना राहवेना. त्यांनी दार लावलं आणि फोनवरचा मूळ आवाज लावला. सगळा. शिवीसकट.

मुलं आधी गोंधळली, मग शिवीला फिस्सकन हसली. पुढं गोळी झाली, मूल रडलं, तरी हसणं पुरतं थांबलं नव्हतं. एक मुलगा उभा राहिला. चांगला, नम्र मुलगा. म्हणाला, “मॅडम, हे कुणी बनवलंय? खऱ्या ठकूबाई लावा ना.”

“ह्याच खऱ्या आहेत.”

“नाही मॅडम. त्या अशा नव्हत्या. आम्हाला जूनपासून पाठ आहे. ईश्वरीताईनं नाटकात केलंय.”

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. थिटेबाईंनी वर्गात ठकूबाईंना घाणेरडं बोलायला लावलं. चुनाभट्टीची माणसं शाळेसमोर जमली. त्यात घोषणा नव्हत्या, दगड नव्हते. नुसती येऊन उभी राहिली होती. दगड आले असते तर बरं, असंच मृदुलाबाईंना वाटलं. मग गर्दीतून पूनम एकटी आत आली. शाळा सुटली होती. रिकाम्या वर्गात ती एका बाकावर बसली आणि म्हणाली, “मला ऐकवा.”

मृदुलाबाईंनी लावलं. पूनम खाली बघत ऐकत राहिली. शिवीला तिनं डोळे मिटले. शेवटी मूल रडायला लागलं तेव्हा तिचा हात फोनकडे गेला आणि तिथंच थांबला.

“हे माझं आजोबा,” ती म्हणाली. “दीड वर्षाचं होतं म्हणायचे. आई आठवत न्हाई म्हणायचे.”

“पूनमताई, ती पडली नाही. ती प्यालेली नव्हती. आणि तिनं आधी नाही म्हटलं होतं. तिला कुणी विचारलंच नाही, हेच तर—”

“कळतंय मला. खरं हेच हाय. मला काय कुणी सांगायला नको.” पूनमनं ओढणीनं तोंड पुसलं. “पुसा ते.”

“काय?”

“पुसून टाका फोनवरचं.”

“ताई, हे एवढंच आहे. भिंतीत आता काही उरलं नाही. हुमेराकडंही नाही. हे गेलं की ती गेली.”

“ती गेलेलीच होती की. शंभर वर्षं गेलेलीच होती. तुम्ही आणलीत, तुमचे उपकार मी मरेपर्यंत विसरायची न्हाई. पण आता जी आलीय ती राहू द्या.” तिचा आवाज चढला नाही. “मॅडम, तुमच्यात एखाद्या आजीनं शिवी दिली तर लोक म्हणतात, फार कडक होती हो. आमच्यात दिली तर म्हणतात, प्यालेलीच असणार. आज दुपारीच एकजण म्हणाला मला. एका दिवसात म्हणाला. माझी पोरगी परत शेवटच्या बाकावर जायची.”

“पण मग ते जे यंत्र बोलतंय ते खोटं आहे.”

“असू द्या. खोटं तर खोटं. आमच्या वाट्याला पहिल्यांदाच बरं खोटं आलंय.”

मृदुलाबाईंना खूप काही बोलायचं होतं. वीस वर्षं शिकवलेलं सगळं ओठावर आलं होतं. पूनमनं ते ओळखलं असावं.

“कुणाला विचारलं न्हाई, असं शिकवता ना तुम्ही पोरांना? मग मला विचारा. ती माझी हाय. विचारा.”

बाहेर चुनाभट्टीची माणसं उभी होती. मग मृदुलाबाईंनी विचारलं, “पुसू?”

“पुसा.”

फोननं एकदा खात्री करून घेतली. बाईंनी हो म्हटलं. मोठा आवाज नाही की काही नाही. यादीतली ती ओळ गेली आणि खालची वर सरकली. मृदुलाबाई बघत राहिल्या. आपण एवढ्या सहज पुसलं, याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला.

पूनम उठली. दारापर्यंत गेली, बाहेरच्यांना हातानं काहीतरी खुणावलं, तशी माणसं पांगायला लागली. मग ती वळून अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, “ऑक्टोबरात शताब्दीला ईश्वरीच ठकूबाई व्हायचीय. मंत्री येणारेत म्हणं. नऊवारी नेसवायला याल का? आमच्यात आता कुणाला येत न्हाई.”

“येते,” मृदुलाबाई म्हणाल्या.

आणि गेल्या. शताब्दीच्या सकाळी कचेरीच्या खाली मांडव पडला होता, कठड्याला नव्या फरशा बसवून त्यावर अण्णा आणि ठकूबाई शेजारी शेजारी कोरले होते. शिक्षकांच्या खोलीत मृदुलाबाई ईश्वरीच्या निऱ्या करत होत्या. तोंडात पिना होत्या. पोरगी गेल्या वर्षात उंच झाली होती, चेहऱ्यावर तेज आलं होतं. हातातल्या झेंड्याकडे बघत ती वाक्य घोकत होती. मध्येच थांबली.

“मॅडम, आठवीतली मुलं काय काय म्हणतात. ती खरंच असंच म्हणाली होती ना?”

बाईंनी कासोटा घट्ट खोचला, तोंडातल्या पिना एकेक करून काढल्या आणि पदराला लावल्या. घाई अजिबात केली नाही.

“हो,” त्या म्हणाल्या. “असंच म्हणाली होती.”

ईश्वरीनं मान डोलावली, झेंडा वर धरला आणि म्हणून दाखवलं, “मी बांधते. देशापुढं काम कसलं? भारतमाता की जय.”

“मोठ्यानं,” थिटे मॅडम म्हणाल्या. “शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे.”